क्लबचा जावई आणि दुसरं काडतूस

आमच्या शूटिंग क्लबातले किस्से म्हणजे आमच्या मुक्ताचे मोजे. एक शोधायला कपाट उघडावं, तर भलत्याच जोडीतला हाती लागतो, आणि तो ठेवायला गेलं की खालून आणखी चार निघतात! मुक्ता माझी दीड वर्षाची मुलगी. ती व्हायच्या आधी मी क्ले शूटिंग करायची, म्हणजे हवेत उडवलेली मातीची तबकडी बंदुकीने फोडायची; पहिला बार चुकला तर दुसरा मारायची मुभा. राज्याच्या संघात होते. ती झाल्यानंतर मी मुख्यतः काळजी करते. त्याची स्पर्धा असती तर सरावाशिवाय पदक आणलं असतं.

या वर्षी मात्र संघात परत यायचं ठरवलं. हिवाळ्यात निवड चाचणी होती. ती हुकली की संघातलं नाव कायमचंच गेलं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि हातात बंदूक कोणती? तर क्लबचा ‘जावई’!

*

जावई म्हणजे एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन. कोराडीच्या पुढे आमची रेंज आहे, तिथल्या एका म्हाताऱ्या सभासदांनी ती क्लबला दिली. दुनळी बंदूक खांद्याला सणसणीत लाथ मारते. ही गरीब. पहिला बार झाला की त्याच्याच वायूच्या जोरावर आतला दट्ट्या मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि दुसरं आपोआप नळीत चढवतो. बाळंतपणानंतर माझा खांदा तिलाच कबूल होता.

फक्त एक अडचण होती. जड काडतूस घातलं की हिचं सगळं सुरळीत. स्पर्धेत चालतात ती हलकी काडतुसं घातली, की पहिला बार व्हायचा आणि दुसरं काडतूस अर्ध्यात आडवं! दट्ट्या ढिम्म.

आमचे कोच बोंडे सर. फौजेतून निवृत्त झालेले, मिशीसकट. पहिल्यांदा हे पाहून ते म्हणाले, “पक्का जावई आहे हा! साधं वरण-भात वाढलं का रुसते. याले रोज पुरणपोळीच लागते!”

झालं. बारसं तिथेच उरकलं.

*

“स्वतःची बंदूक का घेत नाहीस?” असं सगळे विचारायचे. परवान्यासाठी अर्ज केला होता की, तो अजून कचेरीतच पडून होता! त्याच्या चौकशीला एक हवालदारसाहेब घरी आले. मी मुक्ताला झोपवत होते, म्हणून सासूबाईंनी त्यांना बसवलं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, रामटेककडच्या. धानाची शेती, खणखणीत आवाज, आणि मनात येईल ते आधी तोंडात.

“सूनबाईचा स्वभाव कसा आहे? तापट वगैरे?” साहेबांनी विचारलं.

“छ्या! तापट कायची?” आई म्हणाल्या. “घरात झुरळ दिसलं का पलंगावर चढते आन् मले हाका मारते. मीच चप्पल घेऊन मारतो ना मंग!”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मावशी, मग परवान्याचा अर्ज तुम्ही काहून नाही केला?”

*

जावयाला सुधारायचं, असा ठराव क्लबात झाला. व्हॉट्सॲपवर ग्रुपही निघाला, ‘जावई सेवा समिती’. त्यात बोंडे सर, मी, माझी मैत्रीण पल्लवी आणि रमणभाऊ. रमणभाऊंचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे. यंत्राबद्दल त्यांचं मत एकच, “तेल कम पडून राहिलं असंन.”

समिती कामाला लागली आणि जावई आणखी बिघडला! आधी दहात दोनदा अडायचा, आता चारदा. शेवटी सरांनी तो पूर्ण उघडला. आत पाहतात तर काळाकुट्ट चिकट लगदा. कोराडीच्या वीजकेंद्राची राख, बारुदाची काजळी आणि तेल, तिन्हीचं छान पिठलं झालेलं.

“याले तेल कोण देऊन राहिलं?” सरांनी विचारलं.

रमणभाऊंनी हात वर केला. दुकानातल्या शिलाई मशीनचं तेल, दर रविवारी. पल्लवीनेही केला. मीही केला, मला वाटायचं, बाकीचे विसरत असतील. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या परीने गुपचूप माया केली होती.

सर थोडा वेळ मिशी चोळत राहिले. मग म्हणाले, “मी बी देऊन राहिलो होतो.”

आणि लगेच रमणभाऊंकडे वळून ओरडले, “पण बंदूक आहे ना गा ही! एवढी तर्री तर पोह्यावर बी घेत नाही कोणी!”

*

मग कोरडं करायचं ठरलं. नळीला खालून दोन बारीक भोकं असतात. तिथूनच वायू दट्ट्यापर्यंत पोचतो. ती काजळीने बुजली होती. भोकं मोकळी झाली, पण दट्ट्या ज्या नळकांड्यात फिरतो त्याच्या आत पोचेल असा ब्रश कोणाकडे नव्हता. माझ्याकडे होता! मुक्ताची दुधाची बाटली धुवायचा, गोल, लांब दांड्याचा. अगदी मापाचा बसला. मी नवा विकत घेतला, क्लबासाठी वेगळा ठेवला, त्याच्या दांड्याला लाल रिबीन बांधली, निखिलला, म्हणजे नवऱ्याला, दोनदा बजावलं. काडतुसातलं शिसं आणि बाळ या विषयावर मी इंटरनेटवर इतकं वाचलंय, की रेंजवरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय मी मुक्ताच्या फोटोलाही हात लावत नाही.

सगळ्यांना सांगितलं. फक्त आईंना सांगायचं राहिलं.

एका दुपारी माझी क्लबची बॅग उघडी राहिली. आई डांबरासारखा काळा ब्रश हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या!

“काहून वं, माह्या नातीले दूध पाजून राहिली का डिझेल?”

*

ब्रशने निम्मं दुखणं गेलं. दट्ट्यावरची झिजलेली रिंग सरांनी बदलली, तेव्हा आणखी थोडं. तरी कधीमधी अडायचाच, आणि गंमत म्हणजे सरांच्या हातात कमी, माझ्या हातात जास्त. माझी खात्री पटली की दोष माझ्यातच आहे. ही खात्री मला कुठल्याही बाबतीत चटकन पटते.

सर एका सकाळी माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, बार केला. दुसरं काडतूस अडकलं.

“मॅडम, पुन्हा लावा.”

मी लावली.

“आता डावा हात पाहा तुमचा.”

पाहिलं. डावा हात बंदुकीला खालून हलकेच थोपटत होता!

“तुम्ही सैल धरता, म्हणून बंदूकच मागं पळते आन् आतला जोर वाया जाते. घट्ट धरा, खांद्यात दाबून.” सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, “आन् थोपटू नका. ढेकर नाही काढत ते.”

*

घट्ट धरायला शिकले. पुढच्या रविवारी हलकी काडतुसं घेऊन उभी राहिले. माझ्या उजव्या हाताला थोडी मागे पल्लवी. ती बँकेत अधिकारी आहे. आवाज मऊ, चाल मोजकी, कर्जदारसुद्धा तिच्यासमोर हळू बोलतात. इतके महिने ती त्याच जागी उभी राहायची, कारण जावयाने रिकामं काडतूस फेकलंच, तर ते जेमतेम माझ्या पायाशी पडायचं.

पहिला बार. दुसरा बार. दोन्ही कसे लागोपाठ! मी अजून कानावर विश्वास ठेवत होते, तेवढ्यात मागून किंकाळी आली. पल्लवी दोन्ही हातांनी कुर्त्याची कॉलर झटकत, उड्या मारत, गोल गोल फिरत होती. गरमागरम रिकामं काडतूस थेट कॉलरमधून आत गेलं होतं!

मी बंदूक उघडून रॅकला ठेवली आणि धावले. “पल्लवी, भाजलं का गं? बर्फ आणू? दाखव!”

ती नाचता नाचता ओरडली, “बर्फ राहू दे वं! फेकलं त्यानं! स्वतःहून फेकलं!”

रमणभाऊंनी त्याच दिवशी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. पल्लवीला दोन जास्त.

*

आता निवड चाचणी. आदल्या दिवशी सरांनी माझी बॅग पाहिली. दोन चष्मे, कानाचे दोन जोड, दोन टोप्या, दोन पाण्याच्या बाटल्या, आणि मुक्ता येणार नसूनही तिचा एक टॉवेल.

“एक सांगतो, राग मानू नका,” सर म्हणाले. “तुम्ही पहिला बार रंगीत तालीम म्हणून मारता. तबकडी फोडाची ती दुसऱ्यानं, असं धरूनच चालता. म्हणून जावई अडला का तुमचं बी अडते.”

मला राग नाही आला. रडू आलं, पण ते मला टोमॅटोचे भाव ऐकूनही येतं.

सकाळी मुक्ताला निखिलकडे सोपवलं. आई हट्टाने माझ्यासोबत आल्या. “सहा महिने झाले, घरात त्याचंच कौतुक ऐकून राहिली. मले पाहू तर दे, कोण जावई आहे ते!” त्यांच्या कानांवर मी मोठे हेडफोन चढवले, आणि त्या रमणभाऊंच्या शेजारी प्रेक्षकांच्या खुर्चीत पदर खोचून बसल्या.

आधीच्या फेऱ्या बऱ्या गेल्या. शेवटची फेरी सुरू झाली, आणि पहिल्याच जागेवर जावई अडला! पंचांनी येऊन तपासलं. बंदुकीचा दोष, माफ. ती तबकडी पुन्हा मिळाली. पुढच्या जागेवर परत अडला. परत तपासणी, परत माफ. पंच म्हणाले, “मॅडम, नियम माहीत आहे ना? एका फेरीत दोनदाच. आता अडली तर तबकडी गेली असं धरू.”

मी मागे पाहिलं. सरांना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी फक्त मिशी चोळली. रमणभाऊ डोळे मिटून बसले होते. पल्लवी स्वतःची कॉलर घट्ट धरून उभी होती. बॅगेत सगळं दोन-दोन होतं आणि हातात एकच बार.

काय सांगू, त्यानंतर मला दुसरं काडतूस आठवलंच नाही. तबकडी उडायची, मी मारायची, ती फुटायची. पुढची जागा. उडायची, फुटायची. शेवटची तबकडी डावीकडे फार खालून गेली. तीही फुटली, पहिल्याच बाराला.

फळ्यावर गुण लागले. संघाच्या रेषेच्या वर माझं नाव होतं, सर्वांत शेवटी, पण वर! पल्लवीने मला उचललं. रमणभाऊ कोणालातरी फोनवर “अपनी मॅडम! अपनी मॅडम!” सांगत सुटले.

बोंडे सर मात्र जावयाला घेऊन बाजूच्या टेबलाशी गेले. शेवटच्या बारानंतर बाहेर काढलेलं, न वापरलेलं दुसरं काडतूस त्यांनी हातात घेऊन निरखलं. कुठे ओरखडा नाही, चेपलेलं नाही. मग ते पंचांशी बोलून आले.

“मॅडम, दोनदा अडल्यानंतरच्या प्रत्येक तबकडीला दुसरं काडतूस नीट चढून बसलं होतं,” ते म्हणाले. “पंच बी हेच म्हणून राहिले. एकदाही अडला नाही हा! तुम्ही मागतलंच नाही, तर हजर!”

सरांनी सहा महिने या बंदुकीशी झटापट केली होती. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की अपमान, सांगता येत नव्हतं.

आईंनी हेडफोन काढून गळ्यात घातले. जावयाला एकदा नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“त्यात काय एवढं, गुरुजी? त्याले आज समजलं, त्याच्याबिगर बी घर चालते!”