पुठ्ठेवाली मावशी

गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत घरी साड्यांचं काम करणाऱ्या बायकांच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली कातर असायची. पुठ्ठेवाल्या मावशीच्या अंबाड्यात पेन असायचं. निळ्या शाईचं, टोपण चावलेलं. साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता तिचा हात मधेच अंबाड्याकडे गेला, की समोरच्या ओट्यावरच्या बाया एकमेकींना खुणावत, "झालं हिचं सुरू."

ती माझी सख्खी मावशी नव्हे. भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. धुळ्याकडची, सातवी शिकलेली. बोलायची अहिराणी, लिहायची मात्र शाळेतली मराठी, काना-मात्रा जपून. साडीच्या घडीत घालायचे पुठ्ठे तिच्या घरात गठ्ठ्यानं पडलेले असत. त्यांतले कोपरे मोडलेले ती स्वतःसाठी बाजूला काढायची आणि त्यांवर लिहायची.

हे खूळ दवाखान्यातून आलं. छातीत धडधडायचं, हात कापायचे, म्हणून ती तपासायला गेली. छाती ठणठणीत निघाली. मनातलं कोणाशी बोलता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मी बोलस, पन ऐकस कोन?" मग रोज थोडं लिहून काढा, असा सल्ला मिळाला. मावशीनं तो औषधासारखाच घेतला. जेवणाआधी की नंतर, हेही विचारून आली. जेवणानंतर ठरलं.

कोणी टोकलं की तिचं एकच उत्तर, "पेन मनं, हात मना. तुनं काय जास?" पेन माझं, हात माझा, तुझं काय जातं, असं. घरातलं असं उघड्यावर मांडू नये, म्हणून माझ्या आईनंही एकदा समजावून बघितलं. मावशी म्हणाली, "पोटमा ठेवं ते तब्येत जास. पुठ्ठावर ठेवं ते पुठ्ठा जास." आई उठून स्वयंपाकाला लागली, पटलं म्हणून नव्हे, मावशीच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता म्हणून.

मी नववीत असताना घोटाळा झाला. लिहिलेला एक पुठ्ठा चुकून साडीच्या घडीत गेला आणि मार्केटमधल्या दुकानातून परत आला. माल देणारा ठेकेदार तो नाचवतच गल्लीत शिरला. त्याला अक्षरं लागत, मराठी समजत नसे. "ये क्या लिखा है? मेरे बारे में है क्या?" म्हणत त्यानं पुठ्ठा माझ्या हातात कोंबला. मी मराठी शाळेतली, वाचेन म्हणून. सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. मावशीचे यजमान, आमचे काका, कापडाच्या लूमवरची पाळी संपवून हातात डबा घेऊन नेमके तेव्हाच येऊन ठेपले.

मी मनातल्या मनात वाचलं आणि पुठ्ठा उलटा धरला.

"भाजी की लिस्ट है," मी म्हणाले.

मला वाटलं, मी मावशीला वाचवलं. तिनं माझ्या हातातून पुठ्ठा ओढून घेतला. "खोटं कसाले वाचस? मी जे लिखेल शे तेच वाच," म्हणाली आणि स्वतःच मोठ्यानं वाचू लागली, "आज यांनी ताट लोटलं. मी दुसरं वाढलं नाही. मी रडलेसुद्धा नाही. भूक लागेल तेव्हा स्वतः वाढून घेतील." तिचा आवाज कापत होता, पण तिनं शेवटपर्यंत वाचलं. काका डब्याकडे बघत उभे होते.

ठेकेदाराला त्यात आपलं नाव नाही एवढं कळलं, तरी रुबाब सोडवेना. "लिखना बंद, नहीं तो माल बंद." मावशी घरात गेली. टिकल्यांची डबी, गोंदाची बाटली आणि साड्यांचा अख्खा गठ्ठा तिनं त्याच्या पायाशी आणून ठेवला. "लई जा."

दोन महिने तिला काम नव्हतं. त्या दिवसांत ती किती कासावीस व्हायची ते मी बघितलंय. तरी तिनं शंभर पानी वही आणली आणि ओट्यावर बसून, सगळ्यांना दिसेल अशी लिहीत राहिली. मला तिचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. चारचौघांत मला खोटं पाडलं म्हणून मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. शेवटी तीच तशीच एक वही घेऊन आमच्या दारात आली. "तू बी लिख. पन भाजीनी लिस्ट नको."

भिंतीपलीकडून ताट लोटल्याचा आवाज पुढे कमी झाला. थांबला असं मी म्हणणार नाही.

मी त्याच शहरात कतारगामला सासरी आले, वहीही आली. गेल्या वर्षी मावशी गेली. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या. इतकं रडू मला स्वतःच्या लग्नातही आलं नव्हतं. तिला शेवटचं बघून घरी आले, हातपाय धुतले आणि लिहायला बसले. तेवढ्यात नवरा दुकानातून आला.

"काय लिहितेस एवढं?"

भाजीची यादी, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी वही उचलली आणि मोठ्यानं वाचलं, "आज मावशीला शेवटचं बघून आले. तुम्ही बरोबर यायला हवं होतं. एक दिवस दुकान बंद राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं."

माझाही आवाज कापत होता. मीही शेवटपर्यंत वाचलं.