मिरच्यांनी पाडलेली कोठी

नवं घर बांधताना दरवाजाची दिशा तुम्ही चार जणांना विचारता. मग फोडणीचा धूर कुठल्या दिशेनं जाणार, हे एकालाही का विचारत नाही?

मी विचारते. माझं पोटच त्यावर चालतं. मेकॅनिकल इंजिनीअर म्हटलं की आमच्या हिंगोलीत लोक ट्रॅक्टर दाखवायला आणतात. मी मात्र घरांचं काम करते. पाणी कुठून चढेल, सांडपाणी कुठून उतरेल, कोंदट हवा कुठून बाहेर पडेल, ते कागदावर आखून देते. भिंतीला रंग लागला की माझं काम कुणाला दिसत नाही. माझे बाबा चळवळीतले; त्यांची पत्रकं वाचत मला अक्षरओळख झाली. मजुरीवर, पाण्यावर, रेशनवर त्यांनी पत्रकं काढली. धुरावर कुणी काढलं नाही, म्हणून हे मी काढते आहे.

वारंगा फाट्याच्या रस्त्याला एका तीन मजली इमारतीचं काम चालू होतं. प्रत्येक स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत धुराचा पाइप मी आखून दिला होता. एका सकाळी वरच्या मजल्यावर गेले, तर पाइप गायब! त्याच्या जागी विटांची पक्की कोठी. हा फ्लॅट साखरा गावच्या एका शेतकरी काकांनी नातवंडांच्या शाळेसाठी घेतला होता. काका कोठीवरून हात फिरवत खुशीत उभे होते.

"कोठी काहून बांधली, काका?"

"मंग वर्षाची ज्वारी काय गॅलरीत ठेवू? आमी गाव सोडून राहिलो पोरी, ज्वारी न्हाई सोडणार."

बिल्डरशेठनं त्यांचीच री ओढली. "मॅडम, धुराला खिडकी हाय की. धूर काय रस्ता विसरतो?"

खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. खिडकीतून गेलेला धूर वाऱ्यासोबत परत आतच येणार. मी हे समजावत होते आणि काकू दारात पदर तोंडाला लावून खोकत होत्या. गावी जन्मभर चुलीपुढं बसून त्यांची छाती धरली होती. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गावात चूल सुटली आणि इथं गॅस आला, म्हणजे धूर संपला, असं काकांनी ठरवून टाकलं होतं. पण गॅसवर भाजल्या तरी मिरच्या त्या मिरच्याच.

आमच्याकडे एक रीत आहे. ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर पडल्या की घरातले पुरुष उठून बाहेर जाऊन बसतात आणि तिथून ओरडतात, "झालं का न्हाई?" धूर त्यांना ऐकून माहीत असतो. मी ठरवलं, आज ही रीत मोडायची.

"काका, ठेचा करते. तुम्ही आणि शेठ आत बसायचं, काकू बाहेर."

मजुरांची छोटी गॅसशेगडी आणली. मिरच्या काकूंच्याच पिशवीत होत्या, भाकरी-लसणासोबत. मी तोंडाला ओढणी बांधली आणि तवा तापवला. मिरच्या तडतडल्या.

"एवढ्याचं काय..." काका म्हणाले आणि पुढचं सगळं शिंकेत गेलं. शेठ खिडकीशी धावले, तर धूर तिथूनच त्यांच्या तोंडावर आला. "मॅडम, बंद करा ना बाप्पा!"

"झालं का न्हाई?" काकूंनी बाहेरून विचारलं आणि हसता हसता त्यांनाच ठसका लागला.

मग सगळे खालच्या मजल्यावर गेलो. तिथल्या स्वयंपाकघराचा वेगळा पाइप आणि धूर ओढणारा पंखा जागेवर होते. तोच तवा, त्याच पिशवीतल्या मिरच्या. पंखा घरघरला आणि धूर वर ओढला जाऊ लागला. काकू दबकत आत आल्या, तव्याशी उभ्या राहिल्या. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मिरच्यांवर काळे डाग पडले, लसूण पडला, मीठ पडलं. काकू खोकल्या नाहीत.

"व्हय की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "कोठी पाडा."

"आन् ज्वारी?"

"दिवाणाखाली ठेवू. तुमी वर झोपा, राखण बी व्हईल."

शेठ अजून डोळे पुसत होते. तसेच जिन्यात गेले आणि त्यांनी गवंड्याला हाक मारली. वर विटा निघेपर्यंत आम्ही खाली भाकरी-ठेचा खाल्ला. काकांनी दोनदा मागून घेतला.

हात धुतल्यावर काकूंनी नकाशा मागितला. मी तो सिमेंटच्या पोत्यावर पसरला. आपल्या शेगडीपासून गच्चीपर्यंत त्यांनी बोट फिरवलं. "हे मला आधी काहून न्हाई दावलं, माय?"

काकांनी नकाशा पाहिला होता, त्यांच्या मेव्हण्यानं पाहिला होता, शेठनं तर पाठच केला होता. जिच्या छातीचा प्रश्न होता, तिच्यापुढं तो कागद आम्ही कुणीच उलगडला नव्हता.

तुमच्या घराचं काम निघालं असेल, तर आज संध्याकाळीच नकाशा घेऊन घरी जा. रोज तव्यापुढं जी उभी राहते, तिच्यासमोर तो पसरा. बिल्डरला बोलवा आणि धूर कुठून जाणार, ते त्याला नकाशावर बोट ठेवून तिला दाखवायला लावा. ती "व्हय" म्हणेपर्यंत एकही वीट रचू देऊ नका.