बाई म्हणते सरळ जा

ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात माणूस गाडी घेऊन येतो आणि गाऱ्हाणं सोडून जातो. गाडी संध्याकाळी परत नेतो, गाऱ्हाणं माझ्याकडंच राहतं. सेनगावच्या जीप स्टँडला लागून माझं दुकान. वायरिंग, हॉर्न, टेप, बॅटरी. आता दुकानात जुन्या बॅटऱ्या जास्त की किस्से, हे मलाच सांगता यायचं नाही. बॅटऱ्या निदान भंगारवाला तरी नेतो!

त्यातले निम्मे किस्से दिगांबररावांचे. ह्यांच्या चार काळ्या-पिवळ्या जीप आणि एक घरची कार. माणूस वाशीमकडचा, इथं येऊन धंदा उभा केलेला. विश्वास कुणावर म्हणाल तर कुणावरच नाही. दुसऱ्यानं दिलेला चहासुद्धा आधी वास घेऊन प्यायचे. मी हिंगोलीचा, मीही काही भोळा नाही. गिऱ्हाईक म्हणालं की "गाडी आपोआप बंद पडली", तर मी आधी त्याच्या घरच्या पोराकडं बघतो. पण दिगांबररावांपुढं मी म्हणजे देवमाणूस!

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती, खिशाखिशात मोबाईल आले होते. पुण्याच्या जावयानं ह्यांच्या डोक्यात खूळ भरवलं. जीपमध्ये एक डबी बसवायची. डबीला मिस्ड कॉल दिला की गाडी कुठं आहे त्याचा मेसेज येणार, आणि गाडी निघाली-थांबली की आपोआपही येणार. कारसाठी वेगळं यंत्र, काचेला चिकटवायचं. त्यात नकाशा, आणि हिंदीत रस्ता सांगणारी एक बाई. डब्या आणि बाई एकाच कंपनीच्या, नकाशाही एकच.

बसवणारा मी. त्यामुळं ड्रायव्हर लोकांना वाटायचं की मी मालकाचा खबऱ्या, आणि मालकाला वाटायचं की मी ड्रायव्हरांना सामील. ह्या सगळ्या गमतीत आमच्या किसन ड्रायव्हरची नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून मी हे सांगताना अजूनही जरा जपूनच हसतो.

* * *

डब्या बसवल्या त्या दिवशी दिगांबरराव स्टूल टाकून माझ्या समोर बसले. वायर कुठून निघते, कुठं जाते, सगळं बघत होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत.

शेवटी म्हणाले, "ही डबी ड्रायव्हरवर लक्ष ठेवणार. पण डबीवर लक्ष कोण ठेवून राहिलं?"

मी म्हणालो, "कुलूप लावू का?"

लावलं. प्रत्येक डबीला पेटीचं असतं तसं बारकं कुलूप. चाव्या त्यांनी करदोट्याला बांधल्या आणि घरी गेले. अर्ध्या तासात परत!

"कुलपं तूच आणली व्हती ना?"

"व्हय."

"मग दुसऱ्या चाव्या कुठं हायेत?"

* * *

पहिल्या चाचणीला अख्खा स्टँड जमला. जीप दुकानासमोर उभी, ड्रायव्हर गणपत स्टिअरिंगवर, दिगांबरराव बोनेटला टेकून. त्यांनी मिस्ड कॉल दिला. बराच वेळ काहीच नाही. मग मोबाईल वाजला. मेसेज इंग्रजीत होता, मी वाचला, "गाडी गोरेगावजवळ उभी आहे."

गणपत सकाळी गोरेगावची फेरी मारून आला होता. आमच्याकडं रेंजचं काही खरं नव्हतं. मेसेज वाटेत कुठंतरी अडकून पडायचा आणि शिळा होऊन यायचा. मी हे समजावून सांगायला लागलो, पण ऐकतंय कोण!

दिगांबररावांनी मोबाईलकडं बघितलं. जीपकडं बघितलं. बोनेटवर हात ठेवून बघितला. मग गणपतच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले,

"खरं सांग. कुठं हायस तू?"

* * *

जीप भरल्याशिवाय निघत नाही, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत. पण पॅसेंजर फार हुशार. निघणाऱ्या गाडीतच बसतं, उभ्या गाडीत बसत नाही. म्हणून ड्रायव्हर इंजिन चालू ठेवतो, दहा हात पुढं घेतो, दहा हात मागं घेतो, "हिंगोली, हिंगोली, निघाली!" म्हणून ओरडत स्टँडला चक्कर मारतो आणि परत जागेवर येऊन उभा राहतो.

पुण्यात डबी बनवणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? ती बिचारी प्रत्येक वेळी कळवायची, गाडी निघाली. गाडी थांबली. गाडी निघाली. गाडी थांबली. दिगांबररावांचा मोबाईल खिशात नुसता थरथरत होता.

दुपारी ते तणतणत स्टँडवर आले. "सकाळपासून चालून राहिली अन् अजून सेनगावातच? जाते तरी कुठं?"

गणपत थंडपणे म्हणाला, "मालक, गाडी बराबर चालून राहिली. पॅसेंजर थांबून राहिलं."

* * *

ह्या गणपतचाच पुढचा पराक्रम. मेहुणीचा साखरपुडा होता, गाडी हवी होती, मालक देणार नव्हते. त्यानं डबीच्या कुलपाला हात लावला नाही. डबी ज्या पट्टीवर होती ती पट्टीच स्क्रू काढून सोडवली! डबीच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी होती. कुलूपबंद डबी फडक्यात गुंडाळून त्यानं हिंगोलीच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरजवळ दिली आणि पावण्यांना घेऊन निघून गेला.

दिगांबरराव माझ्या दुकानात बसून मेसेज वाचून घेत होते. गाडी निघाली. प्रत्येक फाट्यावर थांबली, लगेच निघाली. हिंगोलीला पोचली. तासाभरात परत फिरली. मी म्हणालो, "बघा, गणपत सुधारला."

त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"काय झालं?"

"गाडी चोरीला गेली," ते म्हणाले. "गणपत इतकं बराबर चालवत न्हाई!"

* * *

आता कारमधली बाई. ती बोलली की दिगांबरराव गाडी थांबवायचे, काच खाली करायचे आणि रस्त्यावरच्या माणसाला विचारायचे, "बाई म्हणते उजवीकडं. खरं हाय का?" माणूस हो म्हणाला तरच वळायचे. हिंगोलीला जायला एसटीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला.

एकदा मी सोबत होतो. नवा रस्ता झालेला, बाईच्या नकाशात तो नव्हताच. ती आपली ओरडतेय, "दाहिने मुड़िए." दाहिने नुसतं तुरीचं शेत! कडेला एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. दिगांबररावांनी त्याला विचारलं.

तो म्हणाला, "कोण म्हणलं उजवीकडं?"

"ही." दिगांबररावांनी यंत्र दाखवलं.

त्यानं वाकून बाईचं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "हिचं माहेर कुठलं?"

"पुण्याचं."

"मंग जाऊ द्या," मेंढपाळ म्हणाला. "तिचा काय दोष!"

त्या दिवशी मी जावयाला फोन लावून सांगितलं की नवा नकाशा पाठवा. नव्या नकाशाची चिप मिळते असं कळलं होतं. "पाठवतो," म्हणाला.

* * *

चिप यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात किसनची भानगड उभी राहिली.

किसन गोरेगाव लाईनवरचा. चौघांत सगळ्यात सरळ. घरात म्हातारी आई, दोन लेकरं, दुसरी नोकरी कुठं नाही. त्याच्या जीपचा दर बाजाराच्या दिवशी एकच मेसेज यायचा, "गाडी कुंभारदरीजवळ उभी आहे." डांबरी रस्ता सोडायचा नाही हा मालकाचा नियम, आणि कुंभारदरी तर फाट्यावरून आत.

दिगांबररावांनी त्याला माझ्या दुकानातच उभं केलं.

"कुंभारदरीला काहून थांबतोस?"

"पॅसेंजर म्हणतेत, म्हणून."

"तिथं तुझं कोण राहतं?"

किसन म्हणाला, "मालक, तिथं कोणीच राहत न्हाई."

भरल्या गावाबद्दल असं बोलल्यावर मलासुद्धा त्याचा संशय आला. किसननं मान खाली घातली. त्याला वाटलं, खरं कारण सांगितलं तर थांबणंच बंद होईल. दिगांबरराव म्हणाले, "रंगेहाथ धरतो अन् चावी काढून घेतो."

* * *

आधी ते एकटेच कुंभारदरीला जाऊन आले. फाट्यावर पाटी होती, त्यामुळं बाईची गरज पडली नाही; रस्ता चांगला होता. पारावरच्या लोकांना त्यांनी विचारलं, "बाजाराच्या दिवशी किसनची जीप इकडं येते का?"

अनोळखी माणूस, पांढरी कार, वर चौकशी! पारावर लगेच सगळ्यांची तोंडं मिटली. हा फायनान्सवाला की कुठला साहेब?

"न्हाई बा. इकडं जीपच येत न्हाई."

"मग बाजाराला कसे जाता?"

"आमी? पायी."

हे सांगणाऱ्याच्या मांडीवर, दिगांबरराव शपथेवर सांगत होते, जीपच्या टपाची ताडपत्री शिवायला घेतलेली होती!

* * *

पुढच्या बाजाराला त्यांनी मला कारमध्ये घातलं. "साक्षीदार पाहिजे," म्हणाले. मला किसनचं फार वाईट वाटत होतं, पण नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळीच नव्या नकाशाची चिप पार्सलनं आली होती, ती माझ्या खिशात तशीच राहिली.

"पारावरच्यांपेक्षा डबीची बहीण बरी," म्हणून त्यांनी बाईला कुंभारदरी सांगितलं. पाटीचा फाटा यायच्या बराच आधी ती म्हणाली, "बाएँ मुड़िए." मी म्हणालो, "फाटा पुढं आहे." दिगांबररावांनी काच खाली केली, इकडं-तिकडं बघितलं. विचारायला एकही माणूस नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला न विचारता वळले.

रस्ता जुना होता. मधेमधे डांबराचे तुकडे, दोन्ही बाजूंनी बाभळी. थोडं पुढं गेलो आणि रस्ता सरळ तलावात शिरला. अगदी रस्त्यासारखा, न वळता, पाण्याखाली गेला.

काठावर किसनची जीप उभी होती. पॅसेंजर खाली उतरले होते, बहुतेक म्हातारे आणि बाया, हातात बाजाराच्या पिशव्या. सगळे पाण्याकडं तोंड करून उभे. एकेक जण पिशवीत हात घालत होता. कुणी गुळाचा खडा, कुणी चिमूटभर हळद, कुणी एक मिरची काढून पाण्यात टाकत होता.

दिगांबरराव कारमधून उतरले आणि हात पुढं केला. किसननं चावी दिली.

कार चालूच होती, दार उघडं. तेवढ्यात आतून आवाज आला, "सीधे जाइए."

एक म्हातारी कारजवळ आली. गोदामाय म्हणत होते तिला सगळे. तिनं मला विचारलं, "कोण हाय आत?"

"रस्ता सांगणारी बाई."

"काय म्हणून राहिली?"

"सरळ जा म्हणते. कुंभारदरी पुढं आहे म्हणते."

गोदामाय पाण्याकडं बघत राहिली. "बराबर सांगून राहिली," ती म्हणाली. "ही वेस व्हती आमची. पुढं सरळ चावडी, मंग आमची घरं. तलाव झाला, आमाला उचलून वर टेकडीवर नेलं. पण बाजार करून आलं की वेशीतल्या मारोतीला पहिला जिन्नस दिल्याबिगर घरात न्हाई नेत. वर नवा मारोती बशिवला, पण जुना इथंच ऱ्हायला. त्याला कसं उपाशी ठेवावं? किसनच्या पाया पडतो आमी, म्हणून थांबतो तो."

पुन्हा आवाज आला, "सीधे जाइए."

गोदामायनं कारच्या दारात वाकून आत बघितलं. मग दिगांबररावांना विचारलं, "आमच्याच गावची लेक दिसते. कोणाची हाय?"

दिगांबररावांनी हातातल्या चावीकडं बघितलं. मग चावी किसनच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "लोकायला वर घरापोत सोड. अन् पुढच्या बाजारालाबी."

परत आलो. दुकानासमोर कार थांबली, तेव्हा मला खिशातली चिप आठवली. म्हणालो, "नवा नकाशा आलाय. जुना काढून हा टाकून देऊ का?"

दिगांबरराव माझ्याकडं संशयानं बघत म्हणाले,

"काहून? ह्या नकाशात काय खोटं हाय?"