जयवंतीचे दोन धमाके

जयवंतीची भांडी सहसा घरी नसतात. चेन्नईत मैलापूरच्या तिच्या स्वयंपाकघरात कढई शोधायला जावं, तर ती वडपळनीच्या स्टुडिओत ढाल होऊन तलवारीचे घाव सोसत असते. लाटणं तिथंच कुणाचं तरी हाड मोडत असतं. नवरा व्यंकटेश बँकेतून दमून येतो, कॉफीचा पेला सापडत नाही म्हणून वाटीतून कॉफी पितो आणि कुरकुर करत नाही. "बायको सिनेमांना आवाज देते," असं तो लोकांना कौतुकानं सांगतो. कुणाला देते, असं विचारलं की म्हणतो, "दारांना. पावलांना. परवा एका म्हशीला दिला."

खरं तर तरुणपणी ती कोरसमध्ये गायला म्हणून स्टुडिओत गेली होती. गळा बरा होता, पण नुसता बरा. एक दिवस पडद्यावरच्या पावलांच्या आवाजासाठी पैंजण घालून चालायला कुणी मिळेना, तेव्हा ही चालली. गाणं तिथंच राहिलं आणि चालणं पुढे गेलं.

यंदा तिच्याकडे श्रीहरीचा सिनेमा आला. श्रीहरी दिग्दर्शक, पहिलाच सिनेमा, सैनिकांची गोष्ट. एका प्रसंगात जवान खिडकीतून हातबॉम्ब आत टाकतात, तो फुटतो न फुटतो तोच दार मोडून घरात घुसतात. जयवंतीनं त्यासाठी जीव ओतला. दणका, मग सूं सूं करत उडणारे तुकडे, मग भिंतींवर ताडताड. रेकॉर्डिंग करणारी भव्या तर टाळ्या वाजवायला लागली.

श्रीहरीनं ऐकलं आणि मान खाजवली. "अक्का, आवाज फक्कड आहे. पण एवढ्या तुकड्यांतून माझी माणसं आत गेली कशी? कुठंतरी चुकतंय. काय ते मला सांगता येत नाही."

"हीरो आहेत ना!" भव्या म्हणाली.

जयवंतीला मात्र ते लागलं. तिचे धाकटे काका, संताजी, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन अंबत्तूरला राहत. दुपारीच लोकल धरून ती तिकडे गेली आणि फोनमध्ये भरून आणलेला तो धमाका त्यांच्या कानाशी धरला. काका एवढे हसले की कॉफी नाकातून आली.

"गे जया, हा तर बचावाचा बॉम्ब! हल्ल्यात कोठें फोडलास तो?"

"बॉम्ब तो बॉम्ब, काका. त्यातही जाती?"

"असतात तर!" काका धोतर सावरत उठले. टोपलीतलं एक लिंबू घेतलं आणि अंगणात झेप घेतल्यासारखे निघाले. "हा हल्ल्याचा. ह्याचं बळ धमाक्यात. हवेचा दणका बसतो, पण उघड्यावर तो चार पावलांत विरतो. म्हणून पुढे धावणारा शिपाई हाच टाकतो. खोलीत तर भिंती दणका परतवतात, आतला सुन्न होतो, तोवर शिपाई आत!" लिंबू तुळशीपाशी पडलं आणि काका त्याच्यामागे धावले. मग दुसरं लिंबू घेऊन ते बाजेआड बसले. "हा बचावाचा. हा फुटला की पोलादाचे तुकडे चहूकडे, आपण फेकू शकतो त्याच्याही पलीकडे. तुकड्याला आपला-परका कळतो काय? म्हणून हा टाकायचा खंदकातून, नाहीतर भिंतीआडून. टाक आणि डोकें घाल खाली!" लिंबू गेलं ते थेट शेजारच्या गाडीच्या टपावर. काकांनी खरंच डोकं खाली घातलं, आणि शेजारीण बाहेर यायच्या आत जयवंतीही बाजेखाली शिरली. आत दोघं तोंडावर हात धरून हसत होते.

दुसऱ्या दिवशी ती काकांनाच घेऊन स्टुडिओत गेली.

हल्ल्याच्या बॉम्बसाठी आधी गादीवर भोपळा टाकला. तो फुटला आणि बिया भव्याच्या केसांत गेल्या. मग गादीवर तांदळाचं पोतं टाकलं. काका छातीवर हात मारून म्हणाले, "कानांत नको. हितें पाहिजे." शेवटी भव्यानं स्टुडिओचं ते जाडजूड दार ओल्या रजईसकट दाणकन आपटलं. खोलीतली हवाच हलली, सगळ्यांच्या कानांना दडे बसले. "हां!" काका ओरडले. "आता शिरा आत!"

सिनेमात पुढे खंदकातून लढण्याचाही प्रसंग होता. त्यातल्या बचावाच्या बॉम्बसाठी तोच दणका घेतला, वर दोरीला बांधून गरगर फिरवलेली किल्ली, आणि पत्र्यावर ओतलेले लोखंडी वायसर. काकांचं समाधान होईना. "लांब जाऊं दे गे! पडद्याबाहेर जाऊं दे!" तेव्हा जयवंतीनं दार उघडलं आणि मूठभर वायसर बाहेरच्या लांब बोळात भिरकावले. नेमका तिकडून चहावाला सुब्बा ट्रे घेऊन येत होता.

"अय्यो मुरुगा!"

ट्रे, पेले, वायसर, सगळं एकदम खणाणलं. सुब्बाला खरचटलंही नव्हतं, पण तो भिंतीला असा चिकटला होता की त्याला पाहून भव्या जमिनीवर बसली, काका खांबाला धरून उभे राहिले आणि जयवंतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सुब्बा आधी चिडला, मग त्यालाही आवरेना. त्यानंतरचे किती तरी टेक कुणाच्या ना कुणाच्या हसण्यानं वाया गेले. श्रीहरीनं मात्र सुब्बाची किंकाळी पुन्हा पुन्हा ऐकली आणि खंदकाच्या प्रसंगात ठेवून दिली. पडद्यावर शत्रूच ओरडतो, असं त्यानं जमवलं. शत्रू मुरुगाचा भक्त निघाला, तर निघाला.

सिनेमा तयार झाल्यावर श्रीहरीनं सगळ्यांना छोट्या थिएटरात बोलावलं. घरात घुसण्याचा प्रसंग आला. धप्प! जवान आत गेले. जयवंतीनं हळूच शेजारी पाहिलं. काका ताठ बसून, शाळेच्या तपासनीसासारखी मान हलवत होते.

मग खंदकाचा प्रसंग. दणका झाला, तुकडे सूं करत डोक्यावरून मागच्या भिंतीकडे गेले, आणि काकांनी जयवंतीची मान धरून तिला खुर्च्यांच्या मधे खाली दाबलं. ती वाकलेली पाहून व्यंकटेश वाकला, तो वाकलेला पाहून भव्या, आणि बघता बघता अख्खी रांग खाली गेली.

"काका, बरोबर झालं का?" श्रीहरीनं अंधारातून विचारलं.

"अगदी बरोबर," काका खुर्चीखालून म्हणाले. "अजून कोणी उठूं नका."

घरी जाताना रिक्षात जयवंतीला उचकी लागली, ती हसूनच. व्यंकटेश पाण्याची बाटली पुढे करत राहिला, आणि ती प्रत्येक घोटागणिक नव्यानं फुटत राहिली. घराजवळच्या लुझच्या कोपऱ्यावर तर रिक्षावालाही काहीच न कळता हसायला लागला होता.