आपल्याच हद्दीत फेकलेला भाला

चौकशीचा अहवाल समोर आहे, दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय आणि प्राचार्यांच्या खुर्चीत माझे डोळे जड होतायत. चार वाजेपर्यंत सही केली, की ग्रंथपाल शर्वरी मोकाशी नोकरीतून कायमच्या घरी. रोमच्या इतिहासाचे तीन दुर्मिळ ग्रंथ त्यांच्या ताब्यातून गहाळ झालेत.

डोळा लागतो न लागतो तोच समोर फादर तुस्कानो बसलेले. त्यांनी मला रोमचा इतिहास शिकवला. वारून तीन वर्षं झाली. मला लगेच संशय येतो. हा माणूस जिवंतपणी कधी कामाशिवाय केबिनमध्ये आला नाही.

"मोकाशीबाईंसाठी रदबदली करायला आलात?"

"चल, जरा पाय मोकळे करू."

दार उघडतो तर व्हरांडा नाहीच. रणरणतं ऊन, दगडी खांब, पलीकडे परसाएवढी मोकळी जमीन. एक पुरोहित भाला घेऊन उभा आहे.

"युद्ध न्याय्य ठरायचं तर शत्रूच्या हद्दीवर जायचं, मागणी सांगायची, मुदत द्यायची, मग भाला फेकायचा," फादर सांगतात. "पुढे शत्रू समुद्रापार गेला. एवढ्या लांब जाणार कोण? म्हणून शत्रूच्याच एका कैद्याला रोममध्ये ही जमीन विकत घ्यायला लावली. झाली शत्रूची हद्द!"

"आणि शत्रूला कळायचं कसं?"

"विधी मात्र चोख व्हायचा."

पुरोहित भाला माझ्या हातात देतो. दांडा खरखरीत आहे.

"बाईंना नोटीस कुठे दिलीस?"

"ग्रंथालयाच्या दारावर लावली. पंधरा दिवस, नियमाप्रमाणे."

"आणि त्यांना आवारात बंदी कधीपासून?"

बंदी नोटिशीच्या आदल्या दिवसापासून. मला रागच येतो.

"ग्रंथ तुम्हीच नेले होते ना, फादर? म्हणून हा पुळका!"

फादर हसतात. नाही म्हणत नाहीत.

"ते त्यांना विचार. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, पहिल्याच तासाला शिकवलं होतं तुला."

भाला टाकायला जातो, तर मूठ उघडत नाही.

"सर?"

दारात हेडक्लार्क सावेबाई. माझ्या तळहातात लाकडाचं कुसळ घुसलंय, रक्ताचा ठिपका आलाय. टेबलाचं असेल, मी स्वतःला बजावतो. टेबलावर तर काच आहे.

"अहवाल नेऊ का, सर?"

"थांबा. मोकाशीबाईंच्या घरचा पत्ता काढा. नोटीस त्यांच्या हातात द्यायची. सुनावणी पुन्हा होईल."

सावेबाई जागच्या हलत नाहीत.

"पत्ता कशाला, सर? त्या रोज गेटबाहेरच उभ्या असतात. एकदा माझं ऐका म्हणतात. आपणच सांगितलंय ना वॉचमनला, आत सोडायचं नाही म्हणून."