कोपऱ्यातला उजेड

बाभळीच्या दोन पट्ट्या आप्पांनी माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "ह्याची चौकट कर फोटोला."

आप्पा माझे चुलते. फोटो त्यांच्या शर्यतीच्या बैलाचा. बैल गेल्यावर त्याचं जू त्यांनी वर्षभर माळ्यावर ठेवलं होतं. मग कुणालाही न विचारता वखारीत नेऊन ते चिरून आणलं. मी मोजमाप घेतलं. चौकटीच्या चार बाजू निघत होत्या आणि वर चार बोटं लाकूड उरत होतं. एक बाजू चुकली तर दुसरी करता येणार नव्हती.

वर्तमानपत्रातली नोकरी संपवून निमोण्याला परतल्यापासून गोठ्याच्या एका खणात माझी हत्यारं आहेत. हातकरवतीने मी आधी लिंबाच्या फळीच्या दोन चौकटी करून पाहिल्या. दोन्हींच्या कोपऱ्यांत पोस्टकार्ड सहज जात होतं. ते पाहून मायटर सॉ घ्यायची ठरवली. मोटरवर फिरणारं गोल पातं वरून खाली येतं आणि लाकूड ठरवलेल्या कोनात कापतं, एवढंच तिचं काम.

शिरूरच्या दुकानात खोकी छतापर्यंत होती. आप्पा सोबत होते. त्यांनी सगळ्यात मोठ्या खोक्यावर हात ठेवला.

"एचपी किती हाय?"

दुकानदाराने आकडा सांगितला. आम्ही दोघेही प्रभावित झालो. आमच्याकडे विहिरीची मोटर अशीच घेतात. मी मशीन चालू करून दाखवायला सांगितलं. खोकं उघडलं की परत घेणार नाही, असं उत्तर आलं. आम्ही दौंडची एसटी धरली.

दौंडच्या दुकानात एक बाई गल्ल्यावर होत्या आणि शेजारच्या टेबलावर तीन मशीन जोडलेल्या होत्या. आप्पांनी पुन्हा एचपी विचारला.

"पाणी उपसायचंय का आप्पा?" बाई म्हणाल्या. "कापायचं काय ते सांगा."

"फोटोची चौकट. बैलाची."

"मग आठ इंची पात्याची बास झाली. पातं मात्र साठ दाताचं घ्या. सोबत येतं ते चोवीस दाताचं. कापतं झपझप, पण कड फाटते."

"जास्त दात म्हंजी जास्त पैसं."

"तुमचा बैल दात बघूनच घेतला व्हता ना?"

आप्पा पहिल्यांदा हसले.

बाईंनी सरळ कडेची एक फळीची पट्टी घेतली, मशीनच्या मागच्या आडव्या आधाराला टेकवली आणि मधोमध सरळ कापली. मग एक तुकडा पालथा केला. दोन्ही तुकडे पुन्हा त्याच आधाराला टेकवून एकमेकांना भिडवले. तसेच धरून ट्यूबलाइटसमोर नेले.

"मशीन केसभर चुकत असली तर पालथं केल्यावर दोन केस दिसतं. उजेड येतो मधून."

उजेड आला नाही. कुठे कापलं होतं ते मी शोधत राहिलो. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधल्या, एकच ओळ तीन-तीनदा वाचून. चुकीला स्वतःहून दुप्पट होऊन समोर यायला लावणारी युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. मी बाईंना पुन्हा करून दाखवायला सांगितलं. त्यांनी दाखवलं. आप्पा टोपी मागे सारून वाकून पाहत होते.

आठ इंची मशीन आणि साठ दातांचं पातं घेऊन आम्ही परतलो.

घरी तिची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचं फूल. नवा ट्रॅक्टर आला, मोटर आली, की त्याच्याच लोखंडावर नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. आप्पांनी नारळ त्या मागच्या आधारावर हाणला. एका दणक्यात फुटला. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही.

मी मशीन पुसली, पातं पंचेचाळीस अंशांवर वळवून अडकवलं आणि जुवाची पट्टी लावली. काट्याने पंचेचाळीस दाखवलं. बटणावर बोट होतं.

"थांब," आप्पा म्हणाले. "त्या बाईनं पट्टी पालथी केली व्हती. तसं कर की आधी."

"दुकानात बघितलंय आप्पा."

"दुकानात बघितलं. हितं कुठं बघितलं?"

मी जू बाजूला ठेवलं. पातं सरळ केलं, लिंबाची पट्टी कापली, एक तुकडा पालथा करून दारातल्या उन्हासमोर धरला. दोन तुकड्यांच्या मध्ये उन्हाची रेघ होती. खाली नाहीशी, वर सुतळीएवढी.

 दोघांनीही खोबऱ्याच्या तुकड्यांकडे पाहिलं.

"लोखंड न्हाई व्हय ते?" आप्पा हळूच म्हणाले.

"ॲल्युमिनियम आहे."

आधाराचे स्क्रू ढिले केले, गुण्या लावून तो पात्याशी काटकोनात आणला आणि पुन्हा आवळला. दुसऱ्या तुकड्यात रेघ बारीक झाली. चौथ्यात गेली. त्यानंतर लिंबाचीच एक छोटी चौकट करून कोपरे पाहिले आणि मगच जू लावलं.

बाभळीचा गाभा काळसर तांबडा निघाला. कापलेली बाजू रंधा न मारता काचेसारखी चमकत होती. आठ काप झाले. भुसा पडत होता तो आप्पा हाताने एका जागी गोळा करत होते. शर्यतीचे कितीतरी घाट पळालेलं ते लाकूड इतकं घट्ट होतं की भुशाचे कण पिठासारखे बारीक होते.

सरस वाळल्यावर आप्पांनी कोपऱ्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. त्यांनी फोटो मागितला नाही. रिकामी चौकट घेऊन ते अंगणात गेले, सूर्यासमोर धरली आणि एक डोळा मिटून एकेक कोपरा पाहिला. चारही पाहून झाल्यावर पुन्हा पहिल्याकडे आले.

घाटात बैलाने किती सेकंद घेतले ते पुकारलं जायचं तेव्हा बाकीचे ओरडायचे, फेटे उडवायचे. आप्पांचा आवाज मात्र अशा वेळी खाली जायचा, शेजारच्यालाही नीट ऐकू येऊ नये इतका. तो आवाज मी बैल गेल्यापासून ऐकला नव्हता.

"उजेड न्हाई," आप्पा म्हणाले. "कुठंच न्हाई."