गोळी उतरताना

चारची गोळी घेतली की अर्ध्या तासानं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बोटांतली थरथर थांबते आणि ते पत्ते पिसायला घेतात. मेंदूतलं एक रसायन आटलंय, गोळी तेवढ्यापुरती भर घालते, असं डॉक्टर सांगतात. पण नुसता हातच सुधारत नाही. कुणी कुठलं पान टाकलं, हुकमाची किती उरली, सगळं त्यांच्या ध्यानात राहतं. आई गेल्यापासून आम्ही तिघंच, म्हणून पाच-तीन-दोन खेळतो. माझा नवरा हरला की अण्णा खुशीत विचारतात, "जावईबापू, लक्ष कुठंय?"

मग गोळी उतरू लागते. हुकूम कुठला, हे ते पुन्हा पुन्हा विचारतात. माणसाचा चालू क्षण चिमूटभर रसायनावर तोललेला असावा! जुनं मात्र हातांत तसंच मुरलेलं असतं.

काल त्यांनी पानं वाटली ती चौघांना. चौथा वाटा आईच्या रिकाम्या खुर्चीपुढे सारून म्हणाले, "हुकूम तू बोल."

पुढच्या गोळीची वेळ झालीच होती. नवरा पाण्याचा पेला घेऊन उठला. मी त्याचा हात धरला.

"थांब जरा. एवढा डाव होऊ दे."